दोन ठोक्यांच्या मधलं बोलणं

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दोर वळला. अंबाडीचा. सालीचा वाक भिजवून, झोडून, वाळवून ठेवलेला होता. धुरपदा — माझी बायको — खुंट्यापाशी बसून वाक पुरवत होती आन् मी दुसऱ्या टोकाला काठी फिरवून पीळ देत देत मागं सरकत होतो. दिस कलला होता. तिचा धाकटा भाऊ किसन आदल्या दिवशीच मानवतकडच्या त्याच्या गावाहून यष्टीनं आला होता. तो ओट्यावर बसून बोरं खात होता आन् बिया नेमक्या माझ्या पाठीत मारत होता.

"आक्का, दाजीला घट्ट धर. दोर सुटला तर बोंबलत गावभर पळंल."

"बोंबलायचीच नोकरी हाय त्येंची," धुरपदा म्हणली.

मग त्यानं माझा दवंडीचा डबा उचलला, दोनदा वाजवला आन् माझाच आवाज काढला — "ऐका होऽऽ ऐका! धुरपदाबाईचा हुकूम हाय — आज दिवेलागणीला — चुलीपुढं — भाकरी थापायला — दाजीनं यावं होऽऽ!" आन् पुन्हा दोनदा डबा. धुरपदा इतकी हसली की वाक तिच्या हातातून सुटला. पीळ उलटा फिरला. ती पदरानं डोळे पुसायली, तेवढ्यात चावडीवरून बोलावणं आलं. तालुक्याचे साहेब आलेत म्हणे. मी काठी तशीच टाकून गेलो.

तो दोर पुरा झाला न्हाई.

शेवटचं म्हणलो म्हणून तुमाला वाटलं असेल, धुरपदा दुसऱ्या दिवशी गेली. न्हाई. ती त्यानंतर लय वर्षं जगली. गेल्या उन्हाळ्यात गेली. लेकरांची लग्नं आमी मिळून केली, घर शाकारलं, शेरडं पाळली. पण साधं म्हणावं असं काम झालं न्हाई. तिच्या बाजूनं झालं असेल. माझ्या बाजूनं — ती समोर बसली की मला भ्या वाटायचं. ती काही विचारील याचं न्हाई. ती कधीच विचारत न्हवती, याचं.

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. लेकाला न्हाई, दोस्ताला न्हाई. विहारात बुद्धापुढं बसलो तवा मनातल्या मनातसुद्धा न्हाई — तिथं बसलो की मी मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवायचो. तुमी कोण, मला मालूम न्हाई. बरं हाय ते. मी दुसरीपातुर शिकलेला माणूस. अक्षर वाकडं येतं. म्हातारपणानं येतं असं घरात सांगितलंय.

तर — डबा. आधी डब्याचं सांगितलं पाहिजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई.

माझ्या बापाकडं हलगी होती. गावाचा हुकूम गावाला ओरडून ऐकवायचा, हे आमच्या घरावर लादलेलं काम. आमी बौद्ध झालो त्या साली बापानं हलगी गोदावरीत सोडून दिली. म्हणला, आता ह्या खांद्यावर कुणाचा हुकूम वाहायचा न्हाई. आन् मी काय केलं? ग्रामपंचायतीत शिपाई लागलो, आन् दवंडी फिरून माझ्याच गळ्यात आली. हलगी घेणार न्हाई म्हणलो, एवढंच. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. धुरपदा म्हणली, "कातडं टाकलं आन् पत्रा घेतला. फरक काय पडला?" मी म्हणलो, ही नोकरी हाय. डब्याला धरायला दोरी मात्र तिनंच बांधून दिली.

दवंडी कशी द्यायची ते बापानं शिकवलेलं. सगळं बोलणं ठरलेलं असतंय, त्यात चारच जागा मोकळ्या. कुणाचा हुकूम. कवा. कुठं. कशासाठी. कधी सारा भरायचा असतो, कधी लेकरांना टोचायचं असतं, कधी कुणाचा बैल हरवलेला असतो — ज्याची त्याची गोष्ट त्या जागांत भरायची, बाकी सूर तोच. आन् आधी दोन ठोके, शेवटी दोन ठोके. बाप म्हणायचा, ठोक्यांच्या मधलं बोलणं आपलं न्हाई. ते हुकूम देणाऱ्याचं. आपला एक शब्द आत घालायचा न्हाई, त्याचा एक बाहेर काढायचा न्हाई. शिवी असली तर शिवी. दुसरीत मास्तरांनी फळ्यावर दाखवलं होतं — दुसऱ्याचं बोलणं लिहायचं तर दोन्ही अंगांना बारक्या शेपट्या काढायच्या. मला झटकन कळलं. माझ्या घरात तेच तर चालत होतं.

गावालाबी हे माहीत होतं. म्हणून दवंडीवाल्याच्या अंगावर कुणी जात न्हाई. सारा न भरणाऱ्यांची भांडी उचलणार म्हणून मी ओरडलोय, आन् ज्या बाईची भांडी जाणार होती तिनंच मला तांब्याभर पाणी दिलंय. तुला काय बोलायचं बाबा, तू सांगणारा. असं.

त्या दोन ठोक्यांच्या आड माणसाला जन्मभर दडून बसता येतं. मी बसलो.

किसनचं सांगतो. तेच आधी सांगून टाकतो, म्हणजे मला माघारी फिरता येणार न्हाई.

ते आणीबाणीचे दिवस. आपरेशनच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. नसबंदी. गाडी दिसली की गडीमाणसं उभ्या ज्वारीत घुसायची. किसनचं लगीन त्याच साली उन्हाळ्यात झालेलं. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. आमच्या गावातून गाडी भरून माणसं गेली, त्यात किसन गेला. माघारी आला तो पाय फाकवून, भिंतींना धरत. तिथं तो म्हणला होता म्हणे — साहेब, माझं आत्ता लगीन झालंय. कुणी ऐकलं न्हाई. कागदावर अंगठा कुणी धरून उठवला, तेबी त्याला आठवत न्हवतं.

त्याला मूल झालं न्हाई. शांताला — त्याच्या बायकोला — लोक काय काय बोलले ते मी लिहीत न्हाई. तिनं दुसरं घर केलं न्हाई, त्याच्याजवळच राहिली. किसन आमच्याकडं यायचा तो हरभऱ्याचा डहाळा घेऊन, न्हाईतर बोरं घेऊन. माझी तिन्ही लेकरं त्याच्या अंगावर चढायची. मामा, मामा. तो बारक्याला खांद्यावर घेऊन माझीच दवंडी द्यायचा — ऐका हो ऐका, ह्या साहेबाच्या चड्डीला नाडी न्हाई हो. धुरपदा हसायची आन् मधीच गप व्हायची. मी उठून शेरडांकडं जायचो. शेरडांना काही नको असायचं. तरी जायचो.

गाव तर खवळलंच होतं. तळ्याच्या कामाला म्हणून बोलावलं आन् कापून माघारी धाडलं. सटवाजी म्हणून एक म्हातारा होता, त्याचा लेक त्या गाडीत गेलेला. त्यानं सोनपेठच्या बाजारात भर गर्दीत माझं गचुरं धरलं.

"तू वरडलास! तुझ्या तोंडानं वरडलास, भाड्या!"

धुरपदा पलीकडं मिरच्या घेत होती. ती मिरच्या टाकून आली आन् आमच्या मधी घुसली.

"तोंड ह्यांचं, पर बोलणं साहेबाचं! ठोक्यांच्या मधलं बोलणं दवंडीवाल्याचं असतंय व्हय, सटवामामा? एवढं केस पांढरं झालं आन् एवढं कळंना? माझा सख्खा भाऊ गेला त्या गाडीत. ह्यांला ठावं असतं तर ह्यांनी माझ्या भावाला धाडलं असतं?"

सटवाजीनं हात काढला. वर मलाच म्हणला, चुकलं बाबा माझं, लेकरासाठी जीव तुटतो.

माझ्या भावाला धाडलं असतं? — तिनं अख्ख्या बाजाराला विचारलं. उत्तर एकट्या माझ्याकडं होतं. मी तिच्या मिरच्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आन् चालायला लागलो. पुढं कुणी माझं गचुरं धरलं न्हाई. तिच्या त्या बोलण्यावर मी गावात ताठ मानेनं फिरलो. ती साहेबाला शिव्या देत राहिली — मुडदा बशिवला मेल्याचा, माझ्या मालकाच्या तोंडून लबाडी बोलवली. मी मान हलवायचो. एक-दोनदा तिच्या संगं मीबी दिल्या शिव्या.

आता साहेब काय म्हणला होता ते. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. साहेब खोटं बोलला न्हवता.

दोर टाकून मी चावडीवर गेलो तवा तो खुर्चीवर बसून चहा पीत होता. आवाज चढवला न्हाई, काही न्हाई.

"शिपाई तूच का? दवंडी दे. उद्या सकाळी गाडी येईल, आपरेशनची. ज्यांना लेकरं झालीत त्यांनी चावडीपुढं यायचं."

"कुणी येणार न्हाई, साहेब," मी म्हणलो. "मागच्या बारीला समदे ज्वारीत गेले."

"तुला किती लेकरं?"

"तीन जी."

"झालंय तुझं?"

मी खाली बघितलं. त्यानं बशीतला चहा संपवला.

"मग उद्या गाडीत पहिला तू. गाडी भरली, तर तुझं बघू."

बस. एवढंच. खोटं सांग, असं तो म्हणला न्हाई. म्हणला असता तर — न्हाई, ते नको. म्हणला न्हाई.

मला काय वाटलं म्हणता? भ्या वाटलं. शेजारच्या गावात एक गडी टाके पिकून मेला होता. त्याची तिरडी मी माझ्या डोळ्यांनी जाताना बघितली होती. माणूस पुन्हा ओझं उचलू शकत न्हाई, असंबी लोक बोलायचे. खरं-खोटं मला मालूम न्हवतं. पण भ्या काय मला एकट्यालाच होतं? अख्ख्या गावाला होतं. ते ज्वारीत पळायचे. मलाबी पळता आलं असतं. नोकरी गेली असती, चार दिवस लपावं लागलं असतं. मी पळालो न्हाई. मी माझ्या जागी दुसऱ्यांना उभं करायला निघालो.

तोंड उघडलं आन् निघून गेलं, असं मी स्वतःला लय वर्षं सांगत आलो. तेबी खोटं. चावडीपासून पारापातुर चालताना मी ती चौथी जागा जुळवत होतो. कशासाठी — ही जागा. टोचायला म्हणलं तर बायका लेकरं घेऊन येतील. रेशन म्हणलं तर म्हातारी माणसं येतील. गडी कशाला येतील? कामाला. तळ्याचं काम निघणार म्हणून गावात नुसती चर्चा होतीच. "धडधाकट गड्यांनी" हा शब्दसुद्धा मी वाटेतच जुळवला. लुळीपांगळी आली तर गाडी भरली असं साहेब धरणार न्हाई, म्हणून. एवढा हिशेब केला मी. आन् मग पारापाशी उभा राहून दोन ठोके दिले.

"ऐका होऽऽ ऐका! साहेबांचा हुकूम हाय — उद्या दिस उगवायला — चावडीपुढं — तळ्याच्या कामाला — धडधाकट गड्यांनी यावं होऽऽ!"

आन् दोन ठोके.

आवाज कापला न्हाई. नेहमीपेक्षा खणखणीत निघाला. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मग आमच्या वस्तीत. एक माणूस दारात दाढी करत होता, त्यानं साबणाच्या तोंडानं विचारलं, खरंच व्हय रं? मी म्हणलो, साहेबांचा हुकूम. आन् साहेब तवर जीपमधी बसून गेलेला. दुसऱ्याच महिन्यात त्याची बदली झाली, मग त्याला विचारणार तरी कोण?

घरी आलो. धुरपदा चुलीपुढं होती.

"कशाची दवंडी वो? हितं नीट ऐकू आली न्हाई."

डबा मी खाली ठेवला होता. घरात डबा न्हवता वाजवला. आधी न्हाई, नंतर न्हाई. ऐकताय ना तुमी? तरी मी म्हणलो, "तळ्याचं काम निघालंय."

"आरं!" किसन उठूनच बसला. "मग मी थांबतो की. उद्या लागतो कामाला. छपराला पत्रं टाकायचेत, दाजी. शांता म्हणती, पावसाळ्यात समदं डोक्यावर येतंय."

मला म्हणता आलं असतं — तू परगावचा, तुला घेणार न्हाईत. हे तयार होतं. कुणाला संशय आला नसता, धुरपदालासुद्धा. एक वाक्य. ते माझ्या तोंडात आलं होतं आन् मी ते गिळलं. का? माझ्या घरचा गडी चावडीपुढं दिसला की बाकीचे बिनघोर येतील. हे मला तिथंच, भाकरीचा तुकडा मोडताना सुचलं. मी त्याला म्हणलो, "लौकर ऊठ."

धुरपदाला वाटायचं, मला माहीत न्हवतं. तिला वाटायचं, साहेबानं मलाबी फसवलं. मरेपातुर तिला तसंच वाटलं. शेवटी शेवटी तिला बोलता येत न्हवतं, नुसती बघायची. किसन उशाशी बसलेला होता. तिनं त्याचा हात धरून माझ्या हातात दिला. माझ्या. मी तो धरून बसलो. तेव्हा सांगायचं होतं? त्याच्या आधी सांगायचं होतं. बाजारात सांगायचं होतं. ती गेल्यावर किसन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. म्हणला, "दाजी, आता मला आक्का म्हणा, घर म्हणा, तुमीच." तो बोलत होता आन् मला धडकी भरली होती — ह्याला वासानं तर कळणार न्हाई? त्याच्या आसवांनी माझ्या खांद्यावरचं उपरणं भिजलं. मी हललो न्हाई.

किसन अजून हाय. शांताबी हाय. त्याला वाचता येत न्हाई. म्हणून लिहितोय का मी हे? — हो. म्हणूनच.

आता ती सकाळ राहिली.

धुकं होतं. धुरपदानं किसनच्या उपरण्यात भाकरी आन् ठेचा बांधून दिला. उपरण्याची गाठ तिनं दोनदा ओढून बघितली. "संध्याकाळी आलास की दोर पुरा करू," म्हणली. "आज तू काठी फिरव. ह्यांचा पीळ ढिला पडतोय." तो हसला. वाटेनं माझा डबा त्यानंच घेतला. बोटांनी हळूहळू वाजवत चालला होता.

चावडीपुढं गाडी उभी होती. मागून ताडपत्री लावलेली. माणसं बरीच जमलेली, पण लांब, भिंतीला धरून. गाडीकडं बघायली आन् एकमेकांकडं बघायली. सटवाजीचा लेक म्हणला, "तळं तर हितंच व्हणार हाय. मग गाडी कशाला?" दोघं-तिघं मागं सरकले. अजून थोडं झालं असतं तर सगळे पांगले असते. गाडीपाशी साहेबाचा माणूस उभा होता. त्याला माझं नाव सांगून ठेवलेलं असणार. तो माझ्याकडं बघत होता.

सगळेच माझ्याकडं बघायला लागले.

"दाजी?" किसन म्हणला. "बसायचं न्हवं?"

मी म्हणलो, "बस."

"आन् तुमी?"

"मला हितं काम हाय."

त्यानं डबा माझ्याकडं दिला. गाडीचं फळकुट उंच होतं. एका हातात भाकरी असल्यानं त्याला चढता येईना. मी डबा बगलेत धरला, माझा उजवा हात खाली केला. त्यानं पाय माझ्या पंज्यावर ठेवला आन् मी त्याला वर उचललं. हलका होता. वर गेल्यावर त्यानं ताडपत्री सारून तोंड बाहेर काढलं आन् बाकीच्यांना म्हणला, "चला की रं! घाबरताय काय?"

मग एकेक करून सगळे चढले. सटवाजीचा लेकबी चढला. आत जागा उरली न्हाई. साहेबाच्या माणसानं फळकुट लावलं, कडी घातली, आन् मला हातानंच खूण केली — तू ऱ्हाऊ दे.

दवंडी संपवताना धरतो तसा मी डबा समोर धरला. दोन ठोके दिले.

गाडी हलली.